नातं जोड्यांपाशी ठेवा

आधी आबांचं नाव घेतो. म्हणजे पुरतं नाव घेत नाही, नुसतं आबा म्हणतो, कारण आपलं नाव कुठं लिहिलेलं त्यांना आवडायचं नाही, आणि गावातल्या बाकीच्यांना तर मुळीच आवडणार नाही. पण मला शाळेत आणलं ते आबांनी. माझ्या पोटात रोज भाकरी पडेल अशी तजवीज केली ती आबांनी. आज इथं जबलपूरला कारखान्याच्या फाटकावर लावलेला हुकूम मी स्वतः वाचतो, चार माणसं माझ्याभोवती उभी राहून ऐकतात, तेही आबांमुळं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं मी त्यांच्यावर चिडलेला दिसेन. दिसेन कसला, चिडलेलाच आहे. पण उपकार आधी आणि चीड मागून, एवढा क्रम चुकू नये म्हणून जिवाला घोर.

आबा आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष होते. शाळा सरकारची नव्हती आणि संस्थानचीही नव्हती. नसरापूर आणि कामथडीच्या बाजूच्या एका गावानं ती आपली आपण काढली होती. भैरोबाच्या देवळाला लागून जुनी धर्मशाळा होती, तिथं ती भरायची. सातवीपर्यंत वर्ग, सगळे एकाच लांबलचक खोलीत. गावानंच मास्तर शोधून आणले, आणि शाळेवर नजर ठेवायला गावानंच सात माणसांचं मंडळ नेमलं. त्यात कुणाला काही मिळायचं नाही. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, गुरं घरी यायच्या वेळेला सभा.

आबांनी उमेदीची वर्षं भोरच्या कोर्टात पट्टेवाला म्हणून काढली होती. कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. नोकरी संपली तेव्हा पट्ट्यावरचा पितळी बिल्ला परत द्यावा लागला. पट्टा मात्र त्यांनी ठेवून घेतला. सभेच्या दिवशी तो खांद्यावरून आडवा घालून यायचे, आणि धर्मशाळेच्या पायरीवर उभं राहून एकेका सभासदाच्या नावाचा तीनदा पुकारा करायचे. तो सभासद त्यांच्या पायाशी तंबाखू मळत बसलेला असला तरी.

पाटील म्हणायचे, "आबा, म्या हाय की हितं."

"पुकारा तीनदा हुतो. मग हजर म्हनायचं."

पाटील दोन पुकारे ऐकून घ्यायचे आणि तिसऱ्याला हजर म्हणायचे. गावाचे पोलीस पाटील होते ते, बाकी गावभर त्यांचा दरारा. पण त्या पायरीवर त्यांचं काही चालत नसे.

मंडळानं काय करायचं नाही, याबद्दल आबांची मतं फार कडक होती. मंडळानं शिकवायचं नाही. मास्तरांना सभेत एकच प्रश्न विचारायचा, पोरं शिकतात का. मास्तर शिकतात म्हणाले की विषय संपला. एकदा पाटलांनी अपूर्णांकांचा शेतकऱ्याच्या पोराला काय उपयोग, असं काहीतरी काढलं, तर आबा म्हणाले, "मंडळानं औताच्या मागनं चालायचं. बैलाच्या जागी मान द्यायची न्हाई." पाटलांनी विषय सोडला. मास्तर मात्र पुढं दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. यात बैल कोण, ते त्यांना बरोबर कळलं होतं.

आता मुख्य गोष्ट. कोर्टात आबांनी आयुष्यभर जे पाहिलं, त्यातली एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात जाऊन बसली होती. एकदा म्हणे एक दावा पुकारला गेला आणि त्यातला एक पक्षकार न्यायाधीशांच्या बायकोकडून लांबचा नातलग निघाला. न्यायाधीश खुर्चीवरून उठले, हा दावा मी ऐकणार नाही म्हणाले, आणि आतल्या खोलीत निघून गेले. ही हकिगत मी आबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की त्या न्यायाधीशाच्या चालीतला लंगडेपणासुद्धा मला ठाऊक आहे. दरवेळी शेवटी आबा हात हवेत तसाच धरून म्हणायचे, "खुर्ची तितंच. मानूस उठून गेला."

मग मंडळात आबांचा नियम झाला. ज्या विषयात ज्याचं नातं गुंतलंय, त्यानं उठायचं, पायात जोडा घालायचा आणि बाहेर पारावर जाऊन बसायचं. विषय संपेपर्यंत आत यायचं नाही. नियम चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही. "नातं जोड्यांपाशी ठेवा," आबा म्हणायचे, "आन ठेवता येत नसंल तर जोडं घालून नात्यासंगट भाईर बसा."

पण ते गाव एका आडनावाचं होतं. सात सभासदांतले पाच, आबा आणि पाटील धरून, एकाच भावकीतले. एकाला सुतक आलं की पाचांना यायचं. उरलेले दोघं म्हणजे देवळाचे गुरव आणि किराणा दुकानवाले वाणी. आणि पाच माणसं आत असल्याशिवाय सभा भरली असं धरायचं नाही, हाही आबांचाच नियम.

त्यामुळं काय व्हायचं ते सांगतो. धर्मशाळेचं छप्पर एका कोपऱ्यात गळत होतं. कौलं शिवऱ्याहून आणायची ठरत आलं. तेवढ्यात कुणीतरी बोलून गेलं की कौलं आणायला गाडी पाटलांच्या चुलतभावाची मिळेल. झालं. आबा म्हणाले, "उठा." पाटील उठले, बाकीचे तिघं उठले, आणि मग आबा स्वतःलाच "उठा" म्हणून स्वतः उठले. पाचही जण पारावर. आत गुरव आणि वाणी एकमेकांकडे बघत बसलेले, त्यातले वाणी लवकरच भिंतीला टेकून घोरायला लागायचे. विषय पुढच्या सभेवर. पुढच्या सभेला पुन्हा तीच गाडी, तोच चुलतभाऊ. गावात दुसरी धड गाडी नव्हती, आणि असती तरी तीही भावकीतलीच असती. पावसाळाभर चौथीची पोरं पाचवीच्या मांडीवर बसली.

बरं, पारावर बसल्यावर तरी माणसानं चार शब्द बोलावेत. पाचही जण तिथंच होते, निकाल तिथल्या तिथं लागला असता. पण आबा पाराच्या एका टोकाला पाठ करून बसायचे, आणि मागं कुणी कौल म्हटलं की न वळता बजावायचे, "हितं शाळा काढू नका. पावसाचं बोला." मग पाच शहाणी माणसं पावसाचं बोलायची, आणि तो पाऊस मागं चौथीच्या पोरांवर गळत असायचा.

मंजूर काय व्हायचं, तर खडू, शाई आणि मास्तरांची रजा.

पण एक सांगायला हवं, नाहीतर आबांवर अन्याय होईल. सभा भरली नाही तर पास-नापासात मास्तरांचा शब्द कायम, असंही आबांनी ठरवून टाकलं होतं. एका वर्षी मास्तरांनी आबांच्याच नातवाला नापास केलं. मास्तर घाबरून सभेपुढं विषय घेऊन आले, वर चढवू का म्हणाले. आबा उठून बाहेर गेले, मागून भावकी गेली, आणि नातू त्याच वर्गात राहिला. आबांच्या सुनेनं महिनाभर सासऱ्यापुढं ताट नुसतं ठेवलं नाही, आपटलं. आबा जेवत होते. कोण आपटतंय, का आपटतंय, त्यांनी विचारलं नाही. त्या साली गावातल्या कुणाच्याच पोराला फुकट वर चढायला मिळालं नाही, आणि कुणाला तक्रारही करता येईना.

मी या गावचा नव्हे. आमची वस्ती वेल्ह्याच्याही वर, डोंगरात. पाचसात धनगरांची घरं, गुरं आणि शेरडं. चौथीपर्यंत मी खाली येऊन जाऊन कसाबसा शिकलो, पुढं शाळा नव्हती. एकदा बापाबरोबर नसरापूरच्या बाजाराला आलो होतो. चावडीच्या भिंतीवर गुरांच्या रोगाचा जाहीरनामा लावला होता, तो मी बापाला वाचून दाखवत होतो. मागं आबा उभे होते. माझं वाचून झाल्यावर म्हणाले, परत वाच. परत वाचला. मग बापाला म्हणाले, "ह्याला खाली ठेवा. बाकी सभा ठरवंल."

बाप म्हणाला, "ठेवू कुठं? हितं आमचं कोन न्हाई."

"त्येच बरं हाय," आबा म्हणाले. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

मी धर्मशाळेतच झोपायचो. भाकरीची व्यवस्था आबांनी लावली, ती अशी की सातही सभासदांच्या घरी पाळीनं जेवायचं, आणि एका घरी लागोपाठ दोन दिवस जेवायचं नाही. का, तर एकाच घरचं अन्न जास्त खाल्लं की त्या घराचा लोभ जडेल आणि त्या सभासदाला माझ्या विषयात आत बसता येणार नाही. होळीच्या दिवशी पाळी पाटलांची होती, आणि पाटलांकडं त्या वर्षी सुतक, पोळी नाही. सुतक आबांनाही असायला हवं होतं, पण आबांच्या बायकोनं, आम्ही त्यांना आई म्हणायचो, पोरासाठी म्हणून चार पोळ्या लाटल्या आणि मला मागल्या दारानं बोलावलं. मी पहिला घास घेतो न घेतो तोच आबा आले. रागावले नाहीत. पान माझ्या हातात दिलं, वर तूप वाढलं, आणि म्हणाले, "पाटलाच्या वसरीवर बसून खा. आज तुझा दिस तितला हाय." मी ते पान घेऊन भर दुपारी गावातून चालत गेलो आणि पाटलांच्या ओसरीवर बसून आबांच्या घरची पुरणपोळी खाल्ली. पाटलांची बायको दारात उभी राहून बघत होती. तिचं हसू आवरत नव्हतं, आणि मी मान वर न करता भराभर खात होतो.

पण आबांचा हिशेब त्यांच्या परीनं बरोबरच होता. मी कुणाचाच कोणी नव्हतो. त्यामुळं सबंध शाळेत माझा एकच विषय असा होता की ज्याला कुणालाही उठून बाहेर जावं लागत नसे. सभासदांच्या हे लवकरच ध्यानात आलं. वर्षानुवर्षं पारावर बसून कंटाळलेली माणसं ती. माझा विषय निघाला की सगळे नीट मांडी घालून बसायचे. वाणीसुद्धा जागे राहायचे. या पोराला ठेवावं का, ठेवलं तर झोपावं कुठं, शाळा त्यानं झाडावी का, त्याच्या घोंगडीला शेरडांचा वास येतो तर ती उन्हात किती वेळ टाकावी. मी दाराशी उभा. प्रत्येक सभेत मला वाटायचं, आता घालवतात की काय. आणि प्रत्येक सभेत शेवटी ठरायचं की पुढच्या सभेपर्यंत बसू द्यावं. कायमचं ठरवून टाका, असं म्हणायला कुणी तयार नव्हतं. ठरवून टाकलं तर पुढच्या महिन्याला बोलायचं काय.

असं करत मी सातवीत आलो. सातवीची परीक्षा भोरला असायची. ती पास झालेल्याला मास्तरकी मिळायची. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. परत वर जायचं, वेल्ह्याच्या बाजूला कुठंतरी शाळा मिळवायची, आणि आमच्या वस्तीवरच्या पोरांना चौथीनंतर खाली उतरावं लागणार नाही असं काहीतरी करायचं. बापाला सांगितलं होतं. बापानं वस्तीभर सांगितलं होतं.

गावच्या पोरांची नावं बापाची सही किंवा अंगठा घेऊन मास्तर पाठवायचे. बाहेरगावच्या पोराचं नाव मात्र मंडळानं मंजूर केल्याशिवाय जायचं नाही, आणि त्याला गावातला कुणीतरी पालक हवा, जो सभेत उभा राहून जबाबदारी माझी म्हणेल. पूर्वी एक बाहेरचा मुलगा भोरला म्हणून गेला तो परस्पर मुंबईला पळाला होता, आणि त्याचे नातलग काठ्या घेऊन मंडळाला जाब विचारायला आले होते. त्यावरून हा नियम.

मी एकेका सभासदाकडं गेलो. जेवायला जातच होतो, तेव्हाच विचारलं. पाटलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "म्या ऱ्हायलो आसतो रं. पर म्या पालक झालो की मला उठावं लागनार. मग आत तुझ्या बाजूनं बोलायचं कुनी?" मला पटलं. मी दुसऱ्याकडं गेलो. त्यानंही हेच सांगितलं. तिसऱ्यानं, चौथ्यानं, सगळ्यांनी. प्रत्येक जण माझ्या बाजूनं बोलण्यासाठी आत राहणार होता, म्हणून पालक व्हायला कुणीच मोकळा नव्हता. गुरव म्हणाले पालक व्हायला त्यांना देवाचा कौल लावावा लागेल. वाणी म्हणाले, गुरव होत नसतील तर मी कसा होऊ. आबांना मी विचारलं नाही. त्यांच्याविना सभा चालवणार कोण, असं मला वाटलं. तेवढी अक्कल मला एवढ्या वर्षांत आली होती.

सभेच्या दिवशी सगळे वेळेवर आले. पुकारे झाले. आबांनी माझा विषय काढला. अर्धी घटका सगळे माझं कौतुक करत होते. पोरगं हुशार, पोरगं नेक, याचं नाव गेलंच पाहिजे. मास्तरांनीही मान डोलवली. मग आबा उठून पायरीवर गेले, आणि कोर्टात करायचे तसा पुकारा केला, "ह्या पोराचा पालक कोन?"

दुसरा पुकारा झाला. पाटील जमिनीकडं बघत होते. तिसरा पुकारा झाला तेव्हा आबांचा आवाज जरा घोगरा लागला. रस्त्यानं जाणारी एक बाई डोक्यावरचा भारा सावरत थांबली, एवढंच.

आबा आत आले. आपल्या जागेवर बसले नाहीत. काठी उचलली.

"म्या," ते म्हणाले.

आणि जोडा पायात घालून बाहेर पारावर जाऊन बसले.

आत मग पाटील मोकळं हसले. झालं म्हणाले, पालक मिळाला, आता आपण सहा जण आहोत, मंजूर करून टाकू. मला वाटलं सुटलो. मी दाराची चौकट धरली.

बाहेरून आबांचा आवाज आला. "माजी भावकी उठली न्हाई अजून."

पाटील दारात गेले. "आबा, पोरगं धनगराचं. त्यो आपल्या भावकीत कसा?"

"म्या पालक झालो न्हवं? मंग त्यो माज्या उंबऱ्याचा. माज्या उंबऱ्याचा त्यो तुमच्या भावकीचा."

"आबा, आसं कुटं आसतं व्हय?"

"न्हाई म्हना मंग," आबा म्हणाले. "हितं उभं ऱ्हाऊन म्हना, ह्यो आमचा न्हवं. आन बसा आत."

ते शांतपणे म्हणाले. भांडणाचा सूर नव्हता. पण भारा घेतलेली बाई तिथंच उभी होती, मास्तर होते, सातवीची पोरं भिंतीमागं कान देऊन होती, आणि मी चौकट धरून उभा होतो. मी मनातल्या मनात भैरोबाला विनवत होतो, यांच्यातल्या कुणीतरी एकदा म्हणावं, हा आमचा नव्हे. तीन माणसांनी म्हटलं असतं तरी सभा भरली असती. तोंडभर म्हणा, पुन्हा म्हणा, मला राग नाही, पण आत बसा.

पहिला उठला तो भावकीतला सगळ्यात म्हातारा. माझ्याकडं न बघता जोडा शोधू लागला. त्याच्या मागून दुसरा. तिसरा उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. पाटील बराच वेळ दारात उभे होते. मग त्यांनी फेटा नीट केला, आबांना एक शिवी घातली, ती इथं लिहीत नाही, आणि पारावर जाऊन आबांच्या शेजारी बसले.

आत गुरव आणि वाणी. वाणी म्हणाले, आम्ही दोघं मंजूर करतो की. आबांनी बाहेरूनच सांगितलं, दोघांची सभा नसते.

मी बाहेर गेलो. रडत होतो की नाही आठवत नाही. आबा सरकले आणि मला बसायला जागा केली.

"आता तू आमचा झालास," ते म्हणाले. "आता तुजं मंडळाकडनं काय बी हुयाचं न्हाई."

मास्तर सोडणाऱ्यांतले नव्हते. नावं पाठवायच्या दिवशी ते आबांच्या घरी आले, मीही मागं होतो. मास्तरांनी चांगलंच धरलं. म्हणाले, हा जर तुमच्या उंबऱ्याचा, तर हा गावचाच मुलगा झाला. गावच्या मुलाला मंडळाची मंजुरी लागतच नाही. बापाच्या जागी तुम्ही सही करा, मी नाव पाठवतो. मला ते इतकं सरळ वाटलं की मी आतून दौत आणायलाही निघालो.

आबांनी मला थांबवलं. "पालक म्हंजी बाप न्हवं, मास्तर. बाप जिता हाय त्याचा, डोंगरावर. त्याच्या जागी सही करनारा म्या कोन?"

म्हणजे सभेतून उठण्याइतका मी त्यांचा होतो, आणि सही करण्याइतका नव्हतो. इतकी वर्षं मी हे उलटून पालटून बघतो आहे. यात चूक कुठं आहे ते मला सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून जास्तच संताप येतो. आई आतून म्हणाल्या, करा की हो सही, पोराचं वर्ष जातंय. आबा उठले आणि गोठ्यात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मास्तर माझं नाव न घालता बाकीची नावं घेऊन गेले.

पुढच्या सालापर्यंत थांब, असं आबांनी मला सांगितलं. ते शिवऱ्याहून दोन सभासद आणणार होते, ज्यांचं या गावात कुणी लागत नाही. खरोखरच दोनदा पायी जाऊन आले शिवऱ्याला. तिथले लोक म्हणाले, तुमच्या शाळेत आमचं काय काम. आणि मलाही थांबणं झालं नाही. त्या हिवाळ्यात बापाच्या छातीत दुखायला लागलं, त्याला डोंगर चढवेना, घरात लहान तोंडं होती. लढाई सुरू झाली होती, आणि नसरापुरात ठेकेदाराचा एक माणूस इथल्या कारखान्यासाठी पोरं गोळा करत होता. मी नाव दिलं. त्याला पालक लागत नव्हता.

कामथडीला सडकेवर मोटार थांबायची. आबा पट्टा घालून आले होते. मोटारीत जागा नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, टपावर बस. आबांनी पुढं बसलेल्या एका माणसाला बाहेरून सांगितलं, "उठा." कोर्टाचा आवाज ऐकून तो बिचारा उठलाच. ड्रायव्हरनं हसून विचारलं की एवढी काळजी, कोण लागतं हे पोरगं तुमचं. आबा म्हणाले, घरचं हाय.

इथं माझ्या शेजारच्या खोलीत शिवऱ्याचा एक जण आहे. मागल्या महिन्यात तो रजेवरून आला. म्हणाला, आबांचे गुडघे गेले, आता ते घरातून बाहेर पडत नाहीत. सभा पाटीलच घेतात, पानसुपारी होईपर्यंत आटोपते. कुणी उठत नाही, पारावर कुत्री बसतात. छप्पर एका महिन्यात झालं, त्याच चुलतभावाच्या गाडीनं, आणि आता गळत नाही. जुन्या मास्तरांनी पाटलांच्या धाकट्याला नापास केलं, तेव्हा त्यांना दुसरीकडं बघा म्हणून सांगण्यात आलं. नवे मास्तर पाटलांचे जावई. पोरं सगळी पास होतात. बाहेरगावचं पोर आता शाळेत नाही, कुणी ठेवत नाही.

हे ऐकल्यापासून मला झोप नीट लागत नाही. आबांच्या नियमानं माझी शाळा बुडाली, ती बुडालीच, ते काही आता गोड होत नाही. पण त्या नियमाविना जी शाळा चालली आहे, तिच्या दारात तर मला कुणी उभंही केलं नसतं.

आबा, मला इथं हे वर्ष पुरं होईपर्यंत रजा नाही. मिळाली की येईन. तुमचे गुडघे गेले असतील तर जाऊ द्यात. मी डोंगरातला आहे, आजारी वासरं पाठीवर घालून मी वेल्ह्याचा चढ चढलोय, तुमचं वजन ते काय. सभेच्या दिवशी तुम्हांला पाठीवर घेईन, धर्मशाळेपर्यंत नेईन आणि तुमच्या जागेवर बसवीन. आणि माझा विषय निघालाच, तर मीच तुम्हांला उचलून परत बाहेर आणीन. कुरकुर करीन, पण आणीन.